एकेचाळीस शब्दांची नाळ

एका पटकथा कार्यशाळेच्या अर्जाच्या तिसऱ्या पानावर एक चौकोन होता. वर लिहिलं होतं, 'लॉगलाइन, कमाल ५० शब्द'. लॉगलाइन म्हणजे गोष्ट अगदी थोडक्यात सांगणारी ओळ. बाकीचा अर्ज मी दुपारीच भरून ठेवला होता. पटकथा १२४ पानांची होती, तिच्यात दीड वर्ष गेलं होतं, सारांशाची दोन पानं तीनदा पुन्हा लिहून झाली होती. हा चौकोन मात्र मी शेवटच्या वीस मिनिटांवर ठेवला. पन्नास शब्दांना असा कितीसा वेळ लागणार? रात्री अकरा चाळीसला मी त्यात लिहिलं:

"सह्याद्रीच्या कुशीत, कोसळत्या पावसात, माणूस आणि निसर्ग यांच्यातल्या जीवघेण्या संघर्षाची श्वास रोखून धरायला लावणारी साहसकथा."

आणि बटण दाबलं. बाराला मुदत संपत होती.

तीन महिन्यांनी दोन ओळींचा नकार आला. पटकथा कुणी उघडली तरी होती का, हे कळायला काही मार्ग नव्हता. पहिले काही दिवस मी नुसती धुमसत होते. मग एका रविवारी अर्ज पुन्हा वाचला आणि त्या चौकोनापाशी थांबले. त्या वाक्यात माणूसच नव्हता. डोंगर होता, पाऊस होता, संघर्ष होता, श्वाससुद्धा होता. कोण कुठे निघालंय, कशासाठी, आणि नाही पोचलं तर काय, यातलं एक अक्षर नव्हतं. पुढची जवळजवळ दोन वर्षं मी त्या एका चौकोनाशी झटत होते आणि त्या झटापटीत पटकथा पार बदलली.

मी गेली आठ वर्षं मालिकांचे संवाद लिहिते. आमच्या धंद्यात 'वनलाइन' हा शब्द दिवसातून दहादा कानावर पडतो, त्यामुळे मला वाटायचं की हे आपल्याला येतंच. पण वनलाइन म्हणजे एपिसोडमधल्या सीनची एकेका ओळीत केलेली यादी. ती ज्यांना गोष्ट आधीच ठाऊक आहे त्यांच्या सोयीसाठी असते. लॉगलाइन असते ती गोष्टीतलं काहीच ठाऊक नसलेल्या माणसासाठी. निर्माता असो की निवड समिती, त्यांच्यापुढे अशा ओळींचा ढीग असतो आणि पहिलं पान उघडायचं की नाही हे त्या ओळीवर ठरतं. म्हणून तिच्यात शेवट सांगत नाहीत, उपकथानकं आणत नाहीत, पात्रांची नावंही बहुधा टाळतात. एक माणूस, त्याच्यावर येऊन पडलेलं काम, ते काम अवघड करणारी गोष्ट आणि हातात उरलेला वेळ, एवढंच. हे नियम मला पाठ होते. पाठ असून उपयोग झाला नव्हता.

गोष्टीचं बीज २०२१ च्या जुलैतलं. २२ तारखेला महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली. त्याच दिवसांत महाड शहरात पुराचं पाणी भरलं होतं. आम्ही पुण्यात टीव्हीसमोर बसून बघत होतो. वरून रस्ता दरडीने बंद, खालून पाण्याने बंद. त्या दुर्घटनेवर मला लिहायचं नव्हतं. ज्यांची माणसं गेली त्यांचं दुःख मी माझ्या थरारासाठी उचलणं मला पटणारं नव्हतं. पण एक प्रश्न डोक्यात राहिला. अशा रात्री घाटमाथ्यावरून खाली कोकणात कुणाला जायचंच असेल तर? गाडीरस्ते नव्हते तेव्हा लोक घाटवाटांनीच चढत-उतरत होते. मीठ, तांदूळ, गुरं, नवऱ्या मुली, सगळं त्या वाटांनी गेलंय. त्या वाटा अजून आहेत. कारवीने झाकल्यात, पण आहेत.

माझ्या पहिल्या खर्ड्याचा नायक पुण्याचा ट्रेकर होता, अठ्ठावीस वर्षांचा, आयटीत काम करणारा. घाटमाथ्यावर मुक्कामाला आलेला असतो, रात्री कळतं की खालच्या गावात एका मुलाला साप चावलाय, आणि हा औषध घेऊन नाळेने, म्हणजे दोन कड्यांमधल्या उभ्या घळीतून, उतरतो. मी स्वतः ट्रेकर असल्यामुळे हे सगळं मला आतून माहीत होतं. दोर, कातळटप्पे, घसारा, दृष्टिभय. तिथेच मी फसले होते.

ज्यांच्याकडे मी लिहायला शिकले त्या सरांकडे नकारानंतर गेले, तेव्हा माझ्याकडे नवी लॉगलाइन होती, चौऱ्याण्णव शब्दांची. सरांनी कागद हातात घेतला, न वाचताच टेबलावर उलटा ठेवला आणि म्हणाले, "आता सांग."

मी सांगितलं. एक ट्रेकर असतो वगैरे.

"नाळ उतरायची त्याला सवय आहे?"

"हो सर, दर रविवारी कुठली ना कुठली उतरतो."

"आवडतं?"

"फार."

"मग त्याच्यावर आलंय काय?"

मी गप्प झाले. सरांनी चहा संपवला आणि विचारलं, "तुझ्या सबंध पटकथेत या नाळेत उतरायला सगळ्यांत जास्त घाबरेल असं कोण आहे?"

उत्तर मला लगेच सुचलं. वरच्या गावातली आशा सेविका. तिला तीन सीन होते. पहिल्यात ती नायकाला औषध देते, दुसऱ्यात नाळ दाखवते, तिसऱ्यात सांगते की तिचा नवरा याच नाळेत पडून गेला आणि त्यानंतर तिने त्या बाजूला पाऊलही टाकलेलं नाही.

"मग ती घरी काय करतेय?" सर म्हणाले.

त्या दिवशी परत येताना बसमध्ये मी ट्रेकर काढून टाकला. वाईट वाटलं, कारण त्याच्या तोंडी मी माझीच वाक्यं घातली होती. पण साहसकथेत जो धोक्याकडे हौसेने जातो त्याच्यासाठी आपला जीव फारसा वरखाली होत नाही. हौस नसताना ज्याला जावं लागतं त्याच्या प्रत्येक पावलाकडे आपण बघतो. हे मला लॉगलाइनने दाखवलं. १२४ पानांच्या गर्दीत ते लपून गेलं होतं.

सरांनी अभ्यास दिला होता: आपल्याला लहानपणापासून ठाऊक असलेल्या साहसाच्या गोष्टी पन्नास शब्दांत लिहून आण. मी हिरकणीपासून सुरुवात केली. आख्यायिका सगळ्यांना माहीत आहे. पहिला प्रयत्न असा: "रायगडाचा भयंकर कडा रात्रीच्या अंधारात एकटीने उतरणाऱ्या शूर गवळणीची कहाणी." पुन्हा तेच. कडा भयंकर आहे आणि बाई शूर आहे, हे मीच सांगून टाकतेय. दुसऱ्यांदा लिहिलं: "दूध घालायला गडावर आलेल्या गवळणीला उशीर होतो आणि सांजेला दरवाजे बंद होतात. घरी पाळण्यात तान्हं बाळ आहे. सकाळपर्यंत दरवाजे उघडणार नाहीत, आणि गडाची एकच बाजू बिनतटबंदीची आहे, कारण तिथून कुणी उतरू शकत नाही."

हे लिहून झाल्यावर मी किती तरी वेळ त्याकडे बघत बसले. 'शूर' शब्द नाही, 'भयंकर' नाही, ती उतरते असंही म्हटलेलं नाही. तरी वाचणारा तिच्याबरोबर कड्याच्या टोकाशी जाऊन उभा राहतो. शेवटचा 'कारण' सगळं काम करतो. तट का नाही, तर गरजच वाटली नाही. कड्याची उंची फुटांत सांगून ही भीती आली नसती.

मग बाजीप्रभूंची खिंड लिहिली. १६६० चा जुलै, पन्हाळ्याच्या वेढ्यातून निसटलेले महाराज विशाळगडाकडे निघालेत, आणि मागे खिंडीत मूठभर मावळे. ती लिहिताना वेगळीच गंमत कळली. इथे माणसाला कुठे जायचं नाही, जागेवरून हलायचं नाही. आणि घड्याळ नाही तर तोफ आहे. राजे गडावर पोचल्याची तोफ ऐकू येईपर्यंत टिकायचं. 'सूर्योदयापूर्वी', 'चोवीस तासांत' अशा मुदतींपेक्षा ही तोफ कितीतरी पटींनी जिवंत आहे, कारण ती गोष्टीच्या आतून येते. माझ्या लॉगलाइनमध्ये 'पहाटेपूर्वी' होतं. का पहाटेपूर्वी? मला उत्तर देता येत नव्हतं. मी ते कुठल्या तरी परदेशी साच्यातून उचललं होतं.

या प्रश्नासाठी मी मावसबहिणीला फोन केला. ताई रायगड जिल्ह्यात एका प्राथमिक आरोग्य केंद्रात परिचारिका आहे आणि पावसाळ्यात तिच्याकडे सर्पदंशाचे रुग्ण येतच असतात. तोवर माझ्या पटकथेतलं औषध बर्फाच्या डब्यात होतं. बर्फ वितळायच्या आत पोचायचं, हे माझं घड्याळ. मला ते फार आवडलेलं होतं.

"बर्फ कशाला?" ताई म्हणाली. "एएसव्ही, म्हणजे सापाच्या विषावरचं औषध, पातळ असलं तर दोन ते आठ अंशांत ठेवावं लागतं. पण पूड पण येते की. ती फ्रीजशिवाय टिकते."

माझं घड्याळ तिथल्या तिथे बंद पडलं. पण ताई थांबली नाही. "आणि तुझी बाई किती कुप्या घेऊन निघालीय?"

"एक."

"एकीने काय होणार बयो? पहिल्यांदाच आठ-दहा लागतात. आणि ते शिरेतून द्यायचं असतं, रिअॅक्शन येऊ शकते, डॉक्टर जवळ हवा, अॅड्रिनॅलिन भरून तयार हवं. आशाताईने जाऊन टोचलं असं दाखवू नकोस हं. लोक बघून तसंच करायला जातील."

मी भराभर लिहून घेत होते. मग तिने मला वीस मिनिटांची चाचणी सांगितली. फुरशाच्या आणि घोणसाच्या विषाने रक्त गोठेनासं होतं. म्हणून रुग्णाचं थोडं रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घ्यायचं आणि नळी वीस मिनिटं न हलवता उभी ठेवायची. मग तिरकी करून बघायची. रक्ताची गुठळी झाली असेल तर ठीक. पाण्यासारखं वाहिलं तर विष अंगात भिनलंय. "ती वीस मिनिटं," ताई म्हणाली, "पोराची आई नळीकडे बघत असते आणि मी आईकडे बघायचं टाळते."

फोन ठेवला तेव्हा माझ्याकडे खरं घड्याळ होतं. खालच्या आरोग्य केंद्रात डॉक्टर आहे, पण साठा संपलाय, आणि दर काही तासांनी ती नळी तिरकी होते. वर नाळेत दहा काचेच्या कुप्या एका झोळीत आहेत आणि प्रत्येक घसरणीला त्यातली एखादी फुटू शकते. पटकथेत आता प्रेक्षक कुप्या मोजतो. हे सगळं लॉगलाइनमध्ये मावणार नाही हेही मला दिसत होतं. मी 'दहा कुप्या' घालून पाहिलं, 'काचेच्या' घालून पाहिलं. वाचणारा कुप्यांच्या हिशेबात अडकतो आणि बाई हरवते. शेवटी 'औषध' एवढाच शब्द ठेवला. 'पहाटेपूर्वी' काढून टाकलं. ज्याला साप चावलाय त्याच्यासाठी औषध निघालंय म्हटल्यावर घाई आहे हे कुणाला वेगळं सांगावं लागत नाही.

त्या हिवाळ्यात मी मोहरीला गेले. पुणे जिल्ह्यात वेल्ह्याच्या पुढे, अगदी घाटमाथ्याच्या काठावर. तिथून रायलिंग पठारावर गेलं की समोर लिंगाणा उभा असतो आणि त्याच्यामागे रायगड. बोराट्याची नाळ तिथूनच खाली उतरते. ट्रेकर मंडळींना ती नवी नाही, मीही पूर्वी उतरले होते. पण त्या वेळी मी डोंगर बघत होते. या वेळी मला वाट बघायची होती.

बरोबर गावातले एक मामा होते, साठीच्या पुढचे. नाळेच्या तोंडाशी मी त्यांना विचारलं, पावसात रात्री इथून उतरायचं झालं तर? मामांनी माझ्याकडे जरा रोखून पाहिलं. "पावसात ही वाट नसती. व्हाळ असतो. दगूड पान्यासंगं खाली येत्यात."

"पण जायचंच असलं तर?"

"मग नाळंत उतरायचं नाय. बाजूच्या कारवीला धरून जायाचं, पान्याचा आवाज एका अंगाला ठिवून. दिसायची गरज नाय, आवाज ऐकू आला की झालं."

दिसायची गरज नाही. मी ते वहीत लिहिलं आणि त्याच्याभोवती दोनदा गोल केला.

माझ्या नव्या खर्ड्यात एक भोक होतं, आणि सरांनी न विचारलं तरी कुणीतरी विचारणारच होतं. ही बाई तर कधी नाळेत उतरलेली नाही, मग तिला वाट कशी कळणार? आणि वाट ठाऊक असलेला दुसरा कुणी असेल तर त्यालाच पाठवत का नाहीत? मामांच्या त्या वाक्यातून वाटाड्या आला. म्हातारा, उभा जन्म ती नाळ तुडवलेला, आणि आता दोन्ही डोळ्यांनी अधू. वाट त्याच्या पायांत आहे, नजर तिच्याकडे आहे. दोघांपैकी एकटं कुणीच जाऊ शकत नाही. आणि नवरा पडला तेव्हा वरून दोर धरून उभा होता तो हाच. हा शेवटचा धागा मला नाळेत, एका मोठ्या दगडावर बसून पाणी पिताना सुचला, आणि मी मामांना न सांगताच मोठ्याने "हो!" म्हणाले. त्यांना वाटलं मला काही चावलं.

आता माणसं जमली होती, अडचण जमली होती. राहिलं होतं वाक्य. आणि इथे मराठीने मला सहा महिने दमवलं.

लॉगलाइनचे सगळे नमुने इंग्रजीतले. त्यांचा साचा मी तसाच मराठीत आणत होते: "जेव्हा दरडीमुळे घाट बंद होतो, तेव्हा पतीच्या मृत्यूच्या धक्क्यातून न सावरलेल्या एका आशा सेविकेला आपल्या भीतीवर मात करून..." असं बोलतं का कुणी? मालिकेत एखाद्या पात्राच्या तोंडी हे वाक्य घातलं असतं तर नटीनेच मला फोन केला असता. दुसरी अडचण अशी की मराठीत नामाच्या आधी विशेषणांची रांग लागते. 'नवरा गमावलेल्या', 'नाळेत पाऊल न टाकलेल्या', 'मानधनावर राबणाऱ्या', आणि मग कुठे 'आशा सेविकेला'. तिच्यापर्यंत पोचेपर्यंत दम लागतो, आणि क्रियापद तर अजून पुढच्या वळणावर. मला वाटायचं, या कामाला आपली भाषाच सोयीची नाही. इंग्रजीत कर्ता येतो, लगेच क्रिया येते, मग बाकीचं सावकाश.

हे मी सरांना म्हणाले तेव्हा ते जरा रागावलेच. "आपल्या आज्या काय इंग्रजीत गोष्टी सांगत होत्या? आजी कशी सांगायची ते आठव."

आजी तुकड्यातुकड्यांनी सांगायची. आधी वेळ, मग जागा, मग माणूस. 'रात्र होती, पाऊस होता, आणि एक बाई निघाली.' एका वाक्यात सगळं कोंबायचं तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. लॉगलाइन एकाच वाक्याची हवी असं मलाही कुणी सांगितलेलं नव्हतं, मीच धरून बसले होते. मी वाक्याचे तुकडे केले. पहिल्यात बाई निघते. पुढच्यांत आपल्याला कळतं की सोबत कोण आहे. विशेषणं गळून पडली, त्यांच्या जागी घटना आल्या. 'पतीच्या मृत्यूच्या धक्क्यातून न सावरलेली' म्हणायची गरज उरली नाही. तो दोर सांगितला की बास.

मग नाव. तिचं नाव अनसूया आहे आणि मला ते फार प्रिय आहे. तरी काढलं. 'अनसूया' म्हटल्यावर अनोळखी माणसाला काही दिसत नाही. 'आशा सेविका' म्हटलं की वाडीवाडीतून पायी फिरणारी, गरोदर बायकांची नि तापाच्या पोरांची नोंद ठेवणारी, पगार नाही तर मानधन मिळणारी बाई महाराष्ट्रात कुणाच्याही डोळ्यांसमोर येते. 'डोंगर' काढून 'नाळ' केलं. एका मित्राने विचारलं, शहरातल्या माणसाला नाळ म्हणजे काय कळेल का? दोन कड्यांमधली धोंड्यांनी भरलेली उभी घळ, हे कदाचित नाही कळणार. पण 'जुनी नाळ उतरायला निघते' एवढ्यावरून ती एक वाट आहे, उतार आहे आणि वापरात नाही, हे कळतं. नेमका शब्द परका वाटला तरी त्याच्यावर विश्वास बसतो. 'दुर्गम डोंगराळ भाग' या शब्दांवर कुणाचाच बसत नाही.

सगळ्यांत जास्त वेळ मात्र एका क्रियापदाने घेतला.

वाटाड्याच्या हातून दोर 'सुटला' की त्याने तो 'सोडला'? आधी मी लिहिलं होतं, 'ज्याने तिच्या नवऱ्याचा दोर सोडला होता'. जोरदार वाटत होतं. पण त्याने तो माणूस वाक्यातच गुन्हेगार ठरतो आणि गोष्ट सूडाची होऊन बसते. 'सुटला' केलं की तो निर्दोष ठरतो, आणि मग तिचा राग पोकळ वाटतो. मी दोन्ही लिहून भिंतीला चिकटवले. एकीकडे वाटत होतं की मराठी माणूस दोर म्हटलं की कोंढाणाच आठवणार. परतीचे दोर कापल्याची सूर्याजीची गोष्ट आपल्या बोलण्यातच शिरली आहे. तिथे दोर कापणं हा निर्धार आहे. इथे दोर हा संशय आहे. तो संशय मला त्या क्रियापदात हवा होता.

उत्तर 'च'ने दिलं. 'त्याच्याच हातून सुटला होता.' सुटला, पण त्याच्याच हातून. सांगणारा काही आळ घेत नाही आणि तरी बोट दाखवतो. आणि हे क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, पार शेवटी, जिथे मराठीत ते यायलाच हवं. सहा महिने मी ज्या गोष्टीवर वैतागले होते, तीच कामी आली. वाचणाऱ्याला शेवटच्या दोन शब्दांपर्यंत कळत नाही की या दोघांमध्ये काय आहे. अर्जासाठी इंग्रजी रूपही करावं लागलं. तिथे 'सुटला'ची ती धार काही केल्या आली नाही, जवळपासचा शब्द घालून पुढे गेले.

शेवटी जी ठरली ती अशी:

"दरडीने घाट बंद झालेल्या पावसाळी रात्री, खालच्या गावात फुरसं चावलेल्या पोरासाठी औषध घेऊन एक आशा सेविका जुनी नाळ उतरायला निघते. वाट ठाऊक आहे ती एकाच म्हाताऱ्या वाटाड्याला. त्याला आता दिसत नाही, आणि याच नाळेत तिच्या नवऱ्याचा दोर त्याच्याच हातून सुटला होता."

एकेचाळीस शब्द. मी ती कागदावर कुणाला दाखवली नाही, सांगत सुटले. शेजारच्या काकूंना, चुलतभावाला, सेटवर चहा घेताना कॅमेऱ्याच्या मुलांना. ऐकणारा "वा, छान" म्हणाला की समजायचं, लागलं नाही. प्रश्न आला तर लागलं. एका सकाळी मेकअप रूममध्ये सांगत होते. मेकअपदादा एका नटीच्या डोळ्याला काजळ लावत होते, पाठमोरे. माझं सांगून झालं तशी त्यांची काडी हवेत थांबली. "ओ मॅडम, सुटला का सोडला?" आरशातून माझ्याकडे बघत त्यांनी विचारलं. नटी डोळे मिटूनच म्हणाली, "सोडला असणार."

पोर वाचतं का, हे दोघांनीही विचारलं नाही. नंतरही कुणी फारसं विचारलं नाही. मला ते आधी चमत्कारिक वाटलं, मग समजलं. पोर वाचावं असं सगळ्यांना मनातून वाटतंच, ते धरूनच चालतात. प्रश्न पडतो तो या दोघांचा.

असं सगळ्यांना सांगत फिरलीस तर कुणी चोरेल, असं मला बऱ्याच जणांनी बजावलं. ती भीती खोटी नाही. नुसत्या कल्पनेवर कॉपीराइट मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्येच आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या खटल्यात सांगितलेलं आहे. संरक्षण मिळतं ते कल्पना ज्या रूपात मांडली त्याला. म्हणून मी आधी पूर्ण पटकथा स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवली आणि मगच तोंड उघडलं. नवीन लिहिणाऱ्यांनी एवढं जरूर करावं. पण लॉगलाइन कुलपात ठेवून ती चांगली होत नाही, हेही तितकंच खरं. माझी तर लोकांच्या कपाळावरच्या आठ्या बघून बघून झाली.

दुसऱ्या वर्षी मी अर्ज केला तो एका वेगळ्या पटकथा कार्यशाळेला. चौकोन मी सगळ्यात आधी भरला. दोन महिन्यांनी मुंबईहून मुलाखतीचं बोलावणं आलं. तिघे जण समोर बसले होते, तिघांपुढे माझी पटकथा होती आणि वर लॉगलाइनचं पान. मधल्या बाईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "तो दोर. सुटला, की सोडला?"

मी म्हटलं, "ते शेवटच्या कातळटप्प्यावर कळतं, त्याला तिचा दोर धरावा लागतो तेव्हा."

त्यांनी पानं चाळली. "पण इथे नवव्या पानावर तुम्ही फ्लॅशबॅक दाखवलाय. त्यात त्याच्या हाताला रक्त येतं, दोर निसटतो, तो ओरडतो. आम्हाला तर तिथेच कळलं."

खरं होतं. तो फ्लॅशबॅक वाटाड्या सुचला तेव्हाच लिहिलेला. त्यानंतर लॉगलाइन कितीदा तरी बदलली, पण त्या पानाला मी हात लावला नव्हता. छान जमलाय, दोन मिनिटांत सगळं समजतं, म्हणून. माझी लॉगलाइन एक प्रश्न विचारत होती आणि माझीच पटकथा त्याचं उत्तर दहाव्या मिनिटाच्या आत देऊन मोकळी होत होती.

परतीच्या गाडीत खिडकीशी जागा मिळाली. कर्जतनंतर घाट सुरू झाला, बाहेर अंधार होता आणि बोगद्यांमागून बोगदे. मी लॅपटॉप उघडला, नववं पान काढलं आणि फ्लॅशबॅक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पुसला. त्या जागी एवढंच लिहिलं: वाटाड्या दारात येतो. अनसूया त्याच्या हातांकडे बघते. तळव्यांवर जुने वळ आहेत.